डचेसला संवाद नाहीत

१८ जुलै २०२५, शुक्रवार

माधव पडला. दुकानात, गिऱ्हाइकासमोर साडी उलगडता उलगडता. अर्धांगाचा झटका.

मला कळलं ते असं. ठरलेल्या दुपारी तो आला नाही, फोनही बंद, म्हणून चिकपेटच्या दुकानात फोन लावला आणि गिऱ्हाईक होऊन विचारलं, "नव्या इरकल आल्यात का?" गिरीराजने, त्याच्या मुलाने, उचलला. "मॅडम, अण्णा हॉस्पिटलमध्ये आहेत. पुढच्या आठवड्यात फोन करा." मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि ठेवून दिला.

रडले नाही. आधी पोहे खाल्ले, मग कपाटातून ही कोरी वही काढली. कोणाशी तरी बोलायला हवं आणि ज्याच्याशी बोलायचे तोच पडलाय.

नवी वही आहे तर नीट सुरुवात करते. मी वसुमती. वय चोपन्न. कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवला, कंटाळा आला तेव्हा सोडला. जे. पी. नगरमधला हा फ्लॅट माझा, माझ्या पगारातून घेतलेला. बिंदुमाधव म्हणजे माधव, चिकपेटचा साड्यांचा व्यापारी, घर बसवनगुडीला, बायको पद्मावती, जिला सगळं गाव पद्माक्का म्हणतं. मी त्याची गेली वीसेक वर्षं... इथे लोक जो शब्द घालतील तो मी घालणार नाही. मला कोणी ठेवलेलं नाही. त्याने मला निवडलं आणि मी त्याला.

त्याला एकदा भेटायचंय. बाकी मला त्या घरातलं काही नको.


२२ जुलै, मंगळवार

कोरमंगलाला गेले होते. काम थांबवून चालणार नाही, आणि खरं सांगायचं तर थांबवायचंही नाही.

तिथली एक कंपनी फोनवर ऐकायच्या मालिका करते. माझी मालिका मोंतेविराच्या दरबाराची. मोंतेविरा मीच वसवलेलं, पण इटलीत सोळाव्या शतकात अशी संस्थानं पैशाला पासरी होती. ड्यूक आल्दो, त्याची प्रिया फ्योरा, आणि डचेस. ऐकणारे फ्योरावर फिदा आहेत. असणारच. राजाच्या प्रियेचं आयुष्य पुस्तकं वाचून लिहिणारे तिला एक तर गादीवर लोळवतात नाहीतर रडवतात. मी लिहिते ती सकाळी लवकर उठते, राजाच्या आधी बातम्या वाचते, कोणाचं नाव कधी घ्यायचं आणि कधी गिळायचं हे तिला पक्कं ठाऊक असतं. राजाच्या आजारपणात तिने कुठे उभं राहायचं, हेही.

शाल्मली मालिका बसवते. नागपूरची, अठ्ठावीसची, पीजीत राहते आणि माझ्या डब्यावर डोळा ठेवून असते. आज परत तेच घेऊन बसली. "मॅम, लिसनर्स विचारतायत, डचेस काहीच का बोलत नाही? तिला एक सीन द्या ना."

"डचेसला संवाद नाहीत," मी म्हटलं. "तिचं लग्न जमिनीसाठी झालं. ती जेवायला असते, देवळात असते, बास. राजाचं मन दुसरीकडे आहे, आणि गोष्ट जिथे मन आहे तिथे असते."

"पण तिला कळत नसेल का?"

"कळलं तर ती गप्प बसली असती का?"

शाल्मलीला हे पटलं नाही, पण डब्यातलं थालीपीठ पटलं. शेवटचा भाग सप्टेंबरात जाणार. त्यात ड्यूक मरतो. ते मी ऑगस्टात लिहीन म्हटलं. आत्ता नाही.


२ ऑगस्ट, शनिवार

हॉस्पिटलात जाऊन आले. गेले ती ताठ मानेनेच, माधवने दिलेली साडी नेसून.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी पहारेकरी. पेशंटमागे एकच पास. "पेशंटच्या कोण तुम्ही?" त्याने कन्नडमध्ये विचारलं. वीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी समोरासमोर विचारला नव्हता. मी म्हटलं, "गिऱ्हाईक." तो हसला. मीही हसले. मग लांबच्या खुर्चीवर जाऊन मासिक उघडून बसले.

थोड्या वेळाने पद्माक्का बाहेर आली. इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिली. ठेंगणी, पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात थर्मास. माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या दिशेने बघितलं, तिला काय कळणार. मग पहारेकऱ्याशी काहीतरी बोलली आणि कॉफीला म्हणून खाली गेली ती किती वेळ वर येईचना. नवरा आत नळ्यांत पडलाय आणि ही बाई निवांत. त्यात वेंधळी अशी की गळ्यातला पास काढून त्या पहारेकऱ्याच्या टेबलावरच विसरली. तो पहारेकरी मला दोनदा म्हणाला, "जायचंय का आत? जा की." मी मान हलवली. दुसऱ्या बाईने विसरलेल्या पासावर मी माधवकडे जाणार नाही. मी भेटेन ती मानाने भेटेन.

ती वर आली, टेबलावरचा पास बघितला, मग माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि आत गेली. थकलेली दिसत होती, हे लिहायला हवं.

फ्योरा असती तर तिनेही हेच केलं असतं. तरी घरी येताना रिक्षात डोळे भरून आले. वाऱ्याने असेल, असं लिहिणार होते, पण वही माझीच आहे. वाऱ्याने नाही.


९ ऑगस्ट, शनिवार

त्याला बसवनगुडीला घरी आणलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं सगळं, म्हणे. हे मी परत गिऱ्हाईक होऊन मिळवलं. गिरीराज फोनवर फार गोड बोलतो, आईवर गेला नाही.

हॉस्पिटलाला निदान पहारेकरी असतो, त्याला काहीतरी सांगता येतं. घराला दार असतं आणि दारात ती.


१४ ऑगस्ट, गुरुवार

आज कपाटातला तो कप्पा उघडला. माधवने दिलेल्या साड्यांचा.

दागिना त्याने कधी दिला नाही, मी घेतला नसता. वर्षाला एक साडी मात्र न चुकता. गणपती-गौरीची गर्दी ओसरली की येते. "सणात दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते गं वसू," म्हणतो. रंग मी सांगायचा. नाव नाही सांगायचं, वर्णन करायचं, असा त्याचा हट्ट. आमची ओळखही त्यातूनच झाली. मी दुकानात गेले होते आणि म्हटलं होतं, आमसूल पाण्यात टाकल्यावर पहिल्या घटकेला पाणी जसं होतं, तशी दाखवा. बाकीचे विक्रेते एकमेकांकडे बघायला लागले. हा गल्ल्यावरून उठून आला आणि म्हणाला, "परत सांगा." साडी दाखवायचं राहिलंच, नुसता ऐकत राहिला.

आणि काय नजर आहे त्या माणसाची! मी नुसते शब्द द्यायचे आणि सप्टेंबरात हुबेहूब तो रंग हातात. आमसुलाचा आला, पारिजातकाच्या देठाचा आला, तांब्याच्या जुन्या घंगाळाचा आला. एरवी मात्र चिडवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. माझे नवे डाळिंबी पडदे बघून गंभीर चेहऱ्याने म्हणाला होता, "हा तपकिरी छान दिसतो." एकदा एक मोजा हिरवा आणि एक तांबूस घालून आला, मी हसेपर्यंत साळसूद.

प्रत्येक साडी दर्शनी काचेतल्या पुतळ्यावरची असते. तो सांगत नाही, पण मला कळतं. खांद्यापाशी आणि निऱ्यांत टाचण्यांची बारीक भोकं असतात. म्हणजे दुकानातला पहिल्या नंबरचा माल उतरवून आणतो. श्रद्धाळूही आहे, आधी दुकानातल्या देवासमोर ठेवत असणार, घडीत कधी अक्षता सापडतात, कापराचा वास असतो. आणि घडी! काठावर काठ, चौकोनी, सुरकुती नाही. तशी घडी मला जन्मात जमली नाही. दुकानदाराचा हात तो.

या वर्षीचा रंग पाडव्याला सांगितला होता. कैरी सोलली की सालाखाली पांढऱ्याच्या अलीकडे जो हिरवा असतो तो, आणि काठ वांगी. त्याने दोनदा म्हणवून घेतलं होतं, पाठ करणाऱ्या मुलासारखं.

या वर्षी साडी येणार नाही. त्यात काय. आहेत तेवढ्या पुष्कळ आहेत.


२३ ऑगस्ट, शनिवार

वाट सापडली. शाल्मलीमुळे, आणि तिला पत्ताही नाही.

आठवडाभर सुट्टी मागत होती. नागपूरला घरी महालक्ष्म्या बसतात म्हणून. मी म्हटलं, गौरीच ना, त्याला आठवडा कशाला? आमच्या घरी गौरी म्हणजे सात खडे. आजोबा कोकणातून म्हैसूर संस्थानात नोकरीला आले, येताना रीत तेवढी बरोबर आणली. तबकात खडे, हळदकुंकू, घावन-घाटलं, झालं.

"खडे?" शाल्मली अशी किंचाळली की काचेपलीकडून साउंडवाल्याने हेडफोन काढला. "मॅम, आमच्याकडे उभ्या असतात! दोघी. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. मुखवटे, दागिने, आणि अख्खी नऊवार नेसवायची. तीन तास मोडतात. टाचण्या लावून लावून माझ्या बोटांची चाळण होते."

मग साड्यांचंच पुराण सुरू झालं. विसर्जनानंतर मोठीची साडी घरातली मोठी सून नेसते आणि धाकटीची धाकटी. "धाकटीची तिच्याकडेच जाते, ती कुठेही राहत असो. माझी काकू जर्मनीत आहे, तरी आई तिची साडी घडी करून वेगळी ठेवते. देवीची असते ना. ती मोठीने ठेवून घ्यायची नसते."

ऐकायला गंमत वाटली, पण माझं लक्ष तिच्या पुढच्या वाक्याने उडालं. "संध्याकाळी तर घर म्हणजे बस स्टँड होतं, मॅम. हळदीकुंकवाला कोणीही येतं. ओळखीच्या, बिनओळखीच्या, कोणाला 'तुम्ही कोण' विचारायचंच नाही."

बसवनगुडीतलं माधवचं घरही देशस्थांचं, पिढ्यानपिढ्या इथलं. तिथेही गौरी उभ्या असतात, त्याच्या तोंडून ऐकलंय. म्हणजे एका संध्याकाळी ते दार उघडं असतं, आणि बाईला कोणी विचारत नाही ती कोण.

डचेसच्या महालात तिच्याच सणाला पाहुणी म्हणून जायचं. फ्योरा मनापासून हसली असती.


१ सप्टेंबर, सोमवार

गेले आणि आले. राग अजून उतरलेला नाही.

आमसुली साडी नेसले होते, त्याची पहिली. पायऱ्या चढताना मनात वाक्य तयार होतं, मी दुकानाची जुनी गिऱ्हाईक. ते वापरावंच लागलं नाही. पद्माक्का दारातच होती. माझ्याकडे बघितलं, साडीकडे बघितलं, आणि म्हणाली, "ये. बस."

ये! ओळख ना पाळख, आणि एकेरी. बसवनगुडीची रीत असेल म्हणून सोडून दिलं, तर माझ्या मागून आलेल्या, माझ्याहून चांगल्या दहा वर्षांनी लहान बाईला ती "या, बसा" म्हणाली. म्हणजे कमीपणा एकट्या मलाच.

दिवाणखान्यात पंधरा-वीस बायका, कन्नड आणि मराठीची खिचडी. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. त्या फटीतून पलंगाचा पाय दिसत होता आणि चादरीचं टोक. माधव तिथे, मी इथे. तेवढ्यात गौरींकडे नजर गेली.

डावीकडे ज्येष्ठा, लाल. उजवीकडे कनिष्ठा. कैरीच्या सालाखालचा हिरवा. काठ वांगी.

मला वाटलं आपल्याला भास होतोय. जवळ गेले. तोच. पांढऱ्याच्या अलीकडचा तोच हिरवा, जो मी पाडव्याला माझ्या स्वयंपाकघरात एका माणसाला सांगितला होता. त्याने पडायच्या आधी माझ्यासाठी विणायला टाकलेली साडी. ती आली असणार, आणि या बाईने उचलून देवीला नेसवली! माझी शेवटची साडी!

"छान दिसते ना?" पद्माक्का शेजारी येऊन उभी होती.

"रंग कोणी निवडला?" मी विचारलं. आवाज जितका गार ठेवता आला तितका ठेवला.

"मी," ती म्हणाली. सरळ माझ्या तोंडावर! डोळ्याची पापणी लवली नाही.

मग मला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ, सगळं. इतर बायकांना ओटीत नुसती सुपारी आणि केळं होतं. मला नारळ कशाला कोण जाणे, ताटात जे हाताला लागलं ते घातलं असेल. माझं लग्न झालेलं नाही, माझी ओटी भरतात का, हे विचारायचीही तिला शुद्ध नव्हती.

"स्वल्प थांब," ती म्हणाली. "गर्दी जाऊ दे. जेवून जा. मग आत..."

माझी साडी चोरून मला जेवायला वाढणार! मी उठले. "मला काम आहे," म्हटलं आणि ओटी पदरात तशीच धरून बाहेर पडले. माधवला न बघता. कोपऱ्यावर आल्यावर लक्षात आलं की मी गेले होते कशासाठी आणि आले काय घेऊन. नारळ.


२ सप्टेंबर, मंगळवार

शेवटचा भाग लिहून पाठवला. एका बैठकीत. ड्यूक मरतो, आणि डचेस फ्योराच्या कपाटातली एकेक वस्त्र काढून घेते. शाल्मलीला हवा होता ना तिच्या तोंडी संवाद? दिला. "ते माझं आहे." तीन शब्द. फ्योरा एका साध्या झग्यात वाड्याच्या दारातून बाहेर पडते, मागे वळून बघत नाही.

शाल्मलीने नागपूरहून दोन रडणारे चेहरे पाठवले आणि लिहिलं, "जबरदस्त मॅम!! पण डचेस थोडी वन-नोट नाही वाटत?"

नाही वाटत. मी तिला काल पाहून आलेय.


३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी बेल वाजली. गिरीराज. प्रत्यक्षात कधी भेटलो नव्हतो, पण कपाळ माधवचं. हातात दुकानाची पिशवी.

"अम्माने दिलंय," तो म्हणाला. पायातल्या चपलांकडे बघत होता. "आणि सांगितलंय, परवा या. अण्णांना आंघोळ वगैरे घालून दुपारी बसवतो आम्ही. ही नेसून या, म्हणाली."

"तुला पत्ता कोणी दिला?"

"अम्माने. अक्का, मी जातो, दुकान उघडायचंय." मॅडमवरून अक्का. कधी झाले मी?

पिशवीत कैरीच्या सालाची साडी. काठावर काठ, चौकोनी घडी. उलगडली. खांद्यापाशी टाचण्यांची भोकं. निऱ्यांत भोकं. पदराच्या घडीतून कुंकू लागलेले तांदळाचे दोन दाणे जमिनीवर पडले. कापराचा वास.

मी कपाट उघडलं आणि एकेक साडी पलंगावर पसरली. आमसुली, पारिजातकाच्या देठाची, घंगाळाची, सगळ्या. प्रत्येकीच्या खांद्याला भोकं. त्याच जागी.

माधवच्या दुकानात दर्शनी काच आहे. पुतळे नाहीत. कधीच नव्हते. मी त्या दुकानात कितीदा गेले असेन.

शाल्मलीने समोर बसून सगळं सांगितलं होतं. धाकटीची तिच्याकडेच जाते, ती कुठेही राहत असो. आणि मी त्या वेळी उघड्या दाराचा विचार करत होते. आमच्या घरी सात खडे. खड्यांना कोण साडी नेसवतंय?

आज जेवले नाही.


५ सप्टेंबर, शुक्रवार

गेले. तीच नेसून.

पद्माक्काने दार उघडलं. या वेळी "ये" ऐकलं आणि ते कशाचं आहे ते कळलं. आत नेण्याआधी मला स्वयंपाकघरात बसवून कॉफी दिली. मी काय काय बोलायचं ठरवून गेले होते, त्यातला शब्द आठवेना. मी, जिने दरबारभर माणसांना संवाद दिले.

"परवा पळालीस ती," ती म्हणाली. "हॉस्पिटलातही तसंच. तो पास मी कशाला ठेवून गेले होते? कॉफी पिऊन पिऊन मला पित्त झालं."

मी विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्यापासून. यांना रंग दिसत नाहीत, ठाऊक आहे ना? लाल-हिरवा सगळा मातीचा. दुकानातली खरेदी मीच करते, लग्न झाल्यापासून. बाहेर सांगत नाही, साडीवाल्याला रंग दिसत नाही म्हटलं तर धंदा बसेल. एक दिवस घरी येऊन मला म्हणाले, आमसूल पाण्यात टाकल्यावर पहिल्या घटकेला पाणी होतं तशी साडी हवी. मी यांना चांगली ओळखते. असे शब्द यांचे नव्हेत. तेव्हाच कळलं, कोणीतरी आहे, आणि तिला डोळे आहेत."

तपकिरी पडदे. हिरवा मोजा. मी किती हसले होते त्या मोज्यावर.

"राग आला नाही?"

"आला की. ती पहिली साडी, धाकट्या गौरीवरून उतरवलेली, मांडीवर घेऊन कात्रीसकट बसले होते. दुपारभर." तिने माझ्या पेल्यात आणखी कॉफी ओतली. "आमच्या सासूबाईंचा दंडक, धाकटीची साडी घरात ठेवायची नाही, धाकटीला द्यायची. आमच्या घरात धाकटी नाही, यांना भाऊ नाही. आधी काही वर्षं मठात देत होते. मग कळलं, आहे. तेव्हा देवीची साडी कापायची कशी? कात्री ठेवली, यांना म्हटलं, ही नेऊन द्या. कोणाला ते यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

म्हणजे तिला कळलंय हे त्याला माहीत होतं. माझ्या दारात उभा राहून वर्षानुवर्षं कौतुक झेलत होता, काय नजर तुझी माधव, आणि हा मान खाली घालून हसायचा. मला वाटायचं लाजतो. बेरकी माणूस! मला त्याचा राग आला, आणि त्याच वेळी इतकी माया दाटून आली की पेला खाली ठेवावा लागला. वीस वर्षं जे मी राजाचं मन म्हणून अंगावर मिरवलं ते राणीच्या हातचं होतं. टाचण्यासुद्धा.

"नारळ घातलात ओटीत," मी म्हटलं.

"घरच्या बाईची ओटी नारळानेच भरतात. चल, ते वाट बघतायत."

माधव उशांना टेकून बसला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, दाढी गिरीराजने केलेली, वेडीवाकडी. मला बघून डोळे भरले, मग पद्माक्काकडे गेले, मग परत माझ्याकडे. दोघींना एका खोलीत बघायची त्याला सवय नव्हती. मी पलंगाच्या एका बाजूला बसले, ती दुसऱ्या.

"यांना सांग कुठला रंग ते," पद्माक्का म्हणाली. "मी सांगितलं, हिरवा. मला निवडता येतो, सांगता येत नाही."

मी सांगितलं. कैरी सोलताना सुरी फार खोल गेली नाही की सालाखाली जो लागतो तो. पांढरा व्हायच्या बेतात असलेला. बोट लावलं तर ओलं लागेल असं वाटणारा. माधवने डावा हात उचलला, दोन बोटांत पदर धरला आणि चोळून बघितला, गिऱ्हाइकासमोर पोत बघायचा तसा. मान हलवली. माल पसंत.

"पुढच्या वर्षीचाही आजच सांगून ठेव," पद्माक्का म्हणाली. "विणकराला वेळ लागतो. आणि आता मला सरळ सांगत जा. यांच्या तोंडून यायचा तर अर्धा वाटेत सांडायचा."

पुढच्या वर्षी पलंगावर कोणी असेलच असं नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "या वेळी तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तो मी नेसेन."

"मी? मला कुठे येतंय तसं बोलायला?"

"येईल."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात शाल्मलीला फोन लावत होते. थांबव तो भाग, सगळा फिरवायचाय, डचेसला संवाद आहेत, पुष्कळ आहेत, मी ऐकलेच नव्हते.

"सकाळी दूध तापवून ठेवलं ना," पद्माक्का शेवटी म्हणाली, सावकाश, एकेक शब्द चाचपत, "की साय धरते. मधे पांढरी. पण कडेला, भांड्याला लागून, थोडी पिवळी असते बघ. खरवडून घ्यावीशी वाटते ती. तो."

इतका चांगला रंग मला वीस वर्षांत एकदाही सुचला नव्हता. मी तो मोठ्याने परत म्हटला, पाठ करण्यासाठी. माधव डोळे मिटून ऐकत होता.